उंदराला मांजर साक्ष

दिवाळी सरून तुळशीचे लग्न आटोपले, की आमच्या गावच्या घराचा रात्रीचा आवाज बदलत असे. पावसाळाभर छपरावर पाणी वाजायचे; आता छपराच्या आतून खुडखूड ऐकू येऊ लागे. खळ्यातली बाजरी घरात आलेली असे, शेणाने सारवलेल्या कणग्या गळ्यापर्यंत भरलेल्या असत, मटकी-हुलग्याची गाडगी उतरंडीला लागलेली असत. शिवारातली पिके निघाल्यामुळे तिथल्या बारीकसारीक जीवांचे छप्पर आणि ताट दोन्ही एकदमच गेलेले असे. मग ही मंडळी थंडीची आणि पोटाची सोय पाहत गावाकडे सरकत. परसात घूस माती उकरी, मोरीपाशी चिचुंद्री चिकचिक करी (ती बिचारी उंदरांच्या गोतातली नव्हेच, किड्यामुंग्यांवर जगणारी, पण बदनामी मात्र वाटून घेतलेली), आणि आढ्यावरून लांब शेपटीचे काळे उंदीर दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखे जात.

चुलीच्या वैलापाशी राखेची ऊब धरून आमची मनी बसलेली असे. आजी तिच्यापुढे दूधभाकरीचा काला ठेवी आणि म्हणे, ''खा बाई, आणि जाग राख.''

ही आजी एरवी कशाला भिणारी नव्हती. विंचू चिमट्यात धरून ती सहज अंगणापार करी. पण सकाळी केर काढताना मेलेला उंदीर सापडला, की तिचा हात थांबे. ती तो उंदीर काठीने उलटा करून न्याहाळी आणि घरभर विचारी, ''हा मांजराने मारलाय, का आपला आपण पडलाय?'' मानेवर दाताची खूण दिसली, की तिचा जीव खाली पडे. खूण दिसली नाही, तर ती आम्हा मुलांना त्या खोलीत पाऊल टाकू देत नसे. आम्हाला तेव्हा या प्रश्नाचे हसू यायचे. पुढे इतिहासाची चार पुस्तके वाचल्यावर कळले, की त्या एका प्रश्नात एका शतकाची भीती आणि कित्येक हजार वर्षांचा संसार साठलेला होता.

'उंदराला मांजर साक्ष' अशी आपल्यात एक म्हण आहे. दोघे लबाड एकमेकांची तळी उचलू लागले, की ती वापरतात. पण आजी त्या म्हणीचा अर्थ शब्दशः घेत होती. उंदीर कशाने मेला याची साक्ष तिला मांजराकडूनच हवी होती. तेव्हा, वाचकहो, आज फराळाचे ताट पुढ्यात असताना या साक्षीदाराची उलटतपासणी करावी असे मनात आहे.

प्रथम हे पाहू, की ही तीन मंडळी, म्हणजे माणूस, उंदीर आणि मांजर, एका छपराखाली आली कशी. आपली साधी समजूत अशी, की माणसाने शेती केली, धान्य साठवले, धान्याला उंदीर आले आणि उंदरांमागून मांजर आले. हा क्रम बहुतांशी बरोबर आहे. पण त्यातला उंदीर आपण समजतो त्याहूनही आधी आला. भूमध्य समुद्राच्या पूर्व काठावर, आजच्या इस्रायलमधील हुला खोऱ्यात, ऐन मल्लाहा नावाची एक प्राचीन वस्ती आहे. तेथे सापडलेल्या उंदरांच्या इवल्या दातांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातून असे दिसले, की सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी, म्हणजे शेतीच्या कितीतरी आधी, शिकार करून आणि रानातले दाणे गोळा करून जगणारी माणसे जेव्हा एका जागी दीर्घकाळ राहू लागली, तेव्हा त्यांच्या घरांत घरउंदरांनी बस्तान बसवले. माणसे पुन्हा भटकी झाली, की घरउंदीर कमी होत आणि रानउंदीर त्यांची जागा घेत. माणूस परत स्थिरावला, की घरउंदीर परत हजर! म्हणजे उंदराला हवी होती ती आपली नांगरट नव्हे, आपला मुक्काम. आपण घर केले आणि पहिला बिनबोलावलेला पाहुणा आत आला.

मांजराची पहिली ठळक खूण सापडते ती सायप्रस बेटावर. शिलुरोकाम्बोस या ठिकाणी सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी, हात-दीड हाताच्या आत, एक आठ महिन्यांचे मांजर नीट पुरलेले फ्रेंच संशोधकांना आढळले. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. सायप्रस हे बेट, आणि तेथे मांजर मूळचे नव्हे. तेव्हा कुणीतरी ते होडीत घालून आणले असले पाहिजे. धान्याबरोबर उंदीर चोरून आले असतील, पण मांजर चोरून आले नाही. त्याला आणले गेले. माणसाच्या शेजारी त्याला पुरणाऱ्यांच्या मनात त्याच्याविषयी काहीतरी माया असणार, एवढे त्या लहानशा खड्ड्यावरून वाटल्यावाचून राहत नाही.

आपल्या बाजूला वळू. सिंधमधील चन्हुदारो येथे १९३५-३६ साली उत्खनन झाले. तेथे एक वीट मिळाली. साडेचार हजार वर्षांच्या आसपासची ही वीट ओली असताना तिच्यावरून आधी एक मांजर गेले आणि त्याच्या मागून एक कुत्रा. पावलांच्या ठशांवरून दोघेही धावत असावीत, असे अनुमान निघाले. वीट करणाऱ्याने त्यावेळी दोघांनाही शिव्या घातल्या असतील. त्याला काय ठाऊक, की त्याच्या साऱ्या विटांतून हीच एक वीट लोक आवर्जून पाहतील!

महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे हे शेतकऱ्यांचे गाव. तेथे जव पिकत होता, पाण्याचा पाट होता, आणि गावच्या मुखियाचे म्हणून जे पाच खोल्यांचे घर ओळखले गेले, त्याच्या शेजारी धान्याचे कोठार होते. जमिनीत धान्याची पेवे होती. हे वाचताना मला आमच्या घरातल्या कणग्याच आठवल्या. कोठार आले म्हणजे रात्रीची खुडखूड आली, आणि ती ऐकून जागी होणारी एखादी आजीही आली.

पण आपल्या पूर्वजांना मांजराविषयी काय वाटत होते? याची उत्तरे दोन, आणि ती एकमेकांशी भांडतात. साहित्याला मांजराचा भरवसा नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगातीरी तप करणाऱ्या ढोंगी मांजराची गोष्ट येते. उंदीर त्याला मामा मानून त्याच्या आश्रयाला जातात आणि एकेक करून नाहीसे होतात. महाबलिपुरमच्या प्रचंड शिल्पपटावर, सातव्या शतकातल्या कारागिराने, हात वर करून तप करणारे मांजर आणि त्याच्या पायाशी निर्धास्त उंदीर कोरून ठेवले आहेत. धर्मशास्त्राने तर ढोंगी माणसाला 'बैडालव्रतिक', म्हणजे मांजराचे व्रत घेतलेला, असे नावच देऊन टाकले.

याउलट राज्य चालवणाऱ्यांचे मत पाहा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, आग, पूर, रोगराई, दुष्काळ यांच्या पंक्तीला उंदीर हे संकट म्हणून बसवले आहे. त्यावर उपाय काय? तर मांजरे आणि मुंगसे मोकळी सोडावीत. त्यांना जो पकडील किंवा मारील त्याला बारा पण दंड करावा. निवडुंगाच्या चिकात भिजवलेले दाणे टाकावेत. लोकांवर उंदरांचा कर बसवावा, म्हणजे प्रत्येकाने ठरलेले उंदीर आणून द्यावेत. आणि पर्वकाळी उंदरांची पूजाही करावी! विष, कर आणि पूजा एकाच परिच्छेदात सांगणारा हा मुत्सद्दी काही गोंधळलेला नव्हता. जे संकट पुरते संपणारे नाही, त्याच्याशी सर्व मार्गांनी वागावे लागते, हे त्याला कळत होते. आपणही गणपतीच्या पायाशी उंदराला मोदक देतो आणि माळ्यावर त्याच्यासाठी सापळा लावतो. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, हा आपल्या जुन्या घरांतला धाकही मला त्या बारा पण दंडाचाच दूरचा नातलग वाटतो. दंड वसूल करणारे राज्य गेले, की त्याचे काम पापाकडे येते.

आता आजीच्या प्रश्नाकडे येतो.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात एका विलक्षण तापाचे रोगी आढळू लागले. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ताप ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा आहे असे निदान केले. मांडवी म्हणजे गोदीलगतचा भाग, धान्याच्या वखारींचा. तेथे माणसांआधी उंदीर मरू लागले होते. पुढचा इतिहास आपल्या घराघरांत सांगितला गेला आहे. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. घरझडत्यांचा जुलूम असह्य होऊन २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. गोरे सोजीर देवघरापर्यंत शिरले, अंथरुणे जाळली, भिंतींना चुना फासला. पण ज्याच्या अंगावर बसून रोग घरात येत होता, तो आढ्यावरून शांतपणे हे पाहत होता.

उंदीर आणि प्लेग यांचा संबंध लोकांना दिसत होता. तो जुळतो कसा हे कुणाला ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत प्रयोग करून सांगितले, की उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग वाहून नेते. त्याचे म्हणणे त्यावेळी फारसे कुणी मानले नाही. १९०५ नंतर मुंबईत परळला प्लेग संशोधनासाठी नेमलेल्या मंडळाने, ग्लेन लिस्टन आदींच्या कामातून, ते निर्विवाद सिद्ध केले. रोगाने उंदीर मेला आणि त्याचे अंग गार पडले, की पिसवा ते अंग सोडतात आणि दुसरे ऊबदार अंग शोधतात. दुसरा उंदीर मिळाला तर ठीक. नाही मिळाला, तर चुलीपाशी झोपलेले पोर.

हे कळले, आणि आजीच्या प्रश्नाचा अर्थ लख्ख उजळला. मांजराने मारलेला उंदीर बहुधा धडधाकट असतानाच मेलेला. आपला आपण पडलेला उंदीर म्हणजे रोगाचा सांगावा. 'उंदीर पडू लागले' हे तीन शब्द ऐकताच देशावरची गावेच्या गावे घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहायला जात. आजीचे बालपणीचे दोन हिवाळे अशा झोपडीत गेले होते. पिसवांना कडक उन्हाळा सोसत नाही, म्हणून साथ पावसाळ्यानंतर चढे आणि वैशाखवणव्यात ओसरे. म्हणजे ज्या दिवसांत घर धान्याने भरायचे, ज्या दिवसांत ऊब हवीशी वाटायची, नेमके तेच दिवस घर सोडण्याचे! हा क्रूर योगायोग नव्हता. धान्य, ऊब आणि उंदीर ही एकाच दोऱ्यात ओवलेली होती. या रोगाने हिंदुस्थानात पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत एक कोटीहून अधिक माणसे नेली.

या हाहाकारात एका माणसाला मांजराची आठवण झाली, आणि ती वऱ्हाडात झाली, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी माहीत नाही. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन हे अमरावतीस होते. त्यांनी गावोगावची घरे आणि मांजरे मोजवली. ज्या गावांत घरांच्या मानाने मांजरे भरपूर, त्या गावांना प्लेगने सहसा हात लावलेला नाही, असे त्यांना दिसले. १९०८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये, मांजर हे प्लेगचे निवारक आहे असे प्रतिपादन करणारा त्यांचा लेख छापून आला. बंदुका, चुना आणि झडत्या यांनी जे साधले नाही, ते चुलीपाशी बसलेल्या चार पायांच्या जीवाने साधावे, ही कल्पना कौटिल्याला नक्कीच आवडली असती.

पण साहेबांचे गणित बरोबर होते का? इतिहासाच्या अभ्यासकाला येथे थोडे थांबावे लागते. मांजरालाही प्लेग होतो आणि त्याने मांजरे मरतात. मग मांजरे नव्हती म्हणून त्या गावी प्लेग आला, की प्लेग येऊन गेला म्हणून तेथे मांजरे उरली नाहीत? नुसत्या शिरगणतीवरून याचा उलगडा होत नाही. शिवाय आडबाजूच्या गावांना, जिथे परगावच्या धान्याच्या गाड्या कमी येत, तिथे रोगही उशिरा पोचणार. त्यातच पुढे अमेरिकेच्या पश्चिम भागातून वेगळीच साक्ष आली. तेथे रानातल्या उंदीर-खारींत प्लेग टिकून आहे. १९७७ ते १९९८ या काळात पाळीव मांजरांमुळे माणसांना प्लेग झाल्याची तेवीस उदाहरणे तेथे नोंदली गेली. मांजरांनी रानातली शिकार केली आणि तिच्याबरोबर रोग घरी आणला. म्हणजे उंदराला साक्ष असलेले मांजर प्रसंगी त्याचे साथीदारही ठरते. म्हण करणाराही अगदीच चुकला नव्हता!

मग खरे काय मानावे? मला वाटते, मांजर हे साथीवरचे औषध नव्हे. ते घराच्या रोजच्या राखणीचा एक भाग आहे. साथ येण्याआधी घरात उंदीर कमी असले, तर रोगाला पाय ठेवायला जागा कमी. साथ आल्यावर उंदीर मारत सुटले, तर पिसवा मोकाट होतात. म्हणून आधी पिसू मारावी, मग उंदीर, असे आजचे शास्त्र सांगते. प्लेग पुढे हटला तो १९४० नंतर डी.डी.टी. आणि स्ट्रेप्टोमायसिन यांच्यासारखी साधने हाती आल्यावर त्याचा जोर मोडत गेला. त्याचे श्रेय मनीला देता येणार नाही. पण आजीने तिला जी 'जाग' राखायला सांगितली होती, ती तिने राखली.

घर आणि उंदीर यांचे नाते किती घट्ट आहे, याचा एक दाखला दूर स्कॉटलंडच्या पश्चिमेस सेंट किल्डा या बेटावर मिळतो. तेथे शतकानुशतके मोजकी माणसे दगडी घरांत, वादळी हिवाळे काढीत राहत होती. जगणे अशक्य झाल्यावर २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेली छत्तीस माणसे बेट सोडून गेली. त्या बेटावर दोन जातींचे उंदीर होते. एक रानातला, दुसरा घरातला. आणि तो घरउंदीर इतका काळ तेथे वेगळा राहिला होता, की त्याच्यासारखा दुसरीकडे कुठे नव्हता. माणसे गेली, चुली विझल्या, आणि अवघ्या काही वर्षांत तो घरउंदीर जगातून नाहीसा झाला. रानउंदीर मात्र टिकला. ज्याला आपण आयुष्यभर चोर म्हणतो, तो आपल्यावाचून एक-दोन हिवाळेही काढू शकत नाही, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

रिकामे घर नेहमीच असे शांत मरत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. मराठवाड्यात धक्क्यांच्या भीतीने लोक घराबाहेर, पत्र्यांच्या आडोशाला राहू लागले. पुढच्या वर्षी, १९९४ च्या ऑगस्टमध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठींचा ताप आला, आणि जो शब्द आपण विसरलो होतो तो वर्तमानपत्रांच्या मथळ्यावर परत आला. सप्टेंबरात सुरत हादरली. अभ्यासकांनी दिलेले एक स्पष्टीकरण असे, की सोडलेल्या घरांत धान्य तसेच राहिले, त्यावर उंदीर माजले, आणि ज्यांच्यात हा रोग मुरलेला असतो त्या रानातल्या उंदरांची घरातल्या उंदरांशी गाठ पडली. एरवी रान आणि घर यांच्यामध्ये एक उंबरा असतो. त्या उंबऱ्यावर माणसाचा वावर असतो, केरसुणी असते, दिवा असतो, मांजर असते. भूकंपाने तो उंबराच मोडला होता.

आज आमच्या गावच्या घरात कणगी नाही. पत्र्याची कोठी आहे, छप्पर जाऊन स्लॅब आला आहे. काळे उंदीर आढ्याअभावी तारांवरून जातात. मनीच्या वंशातले कुणीतरी अजूनही परसदारी उन्हाला बसते आणि दुधाला बोलावल्यावाचून येते. आजी जाऊन पन्नास वर्षे होत आली.

गेल्या पौषात मी गावी गेलो होतो. सकाळी नात धावत आली, ''आजोबा, जिन्याखाली उंदीर मरून पडलाय.'' मी उठलो, काठी घेतली, आणि तोंडून नकळत शब्द गेले, ''मांजराने मारलाय, का आपला आपण पडलाय?''

नात हसू लागली. मी वाकून पाहिले. मानेवर दाताची खूण होती.